राहिलेलं जावळ

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो, त्याला आता चौदा वर्षं होत आली. आमच्या घरात नातीच्या आजारपणाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. आबांनी पोरीला एसटीनं सांगलीला नेलं-आणलं, आबा तिला पाठीवर घेऊन दवाखान्याचे जिने चढले, आबा नसते तर काय झालं असतं. पाहुणे मान हलवतात. मी कपातल्या चहाकडे बघत बसतो आणि लोकांना तो माझा साधेपणा वाटतो. पण त्या गोष्टीतला एक दिवस गाळलेला आहे. तो मीच गाळला आहे.

माझी नोकरी कोयनेकडे, धरणावर पाण्याची पातळी वाचण्याची होती. ठरलेल्या वेळी पट्टीवरचा आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. पावसाळ्यात धुकं इतकं उतरायचं की पट्टी दिसायची नाही. तेव्हा मी 'दिसली नाही' असं लिहायचो, अंदाजानं आकडा कधी टाकला नाही. त्या खरेपणाचा अभिमान घेऊन निवृत्त झालो आणि कराडच्या खाली, नदीकाठच्या आमच्या गावी येऊन ऊस बघू लागलो. बायको आधीच गेली होती. मुलगा सैन्यात, लांब. घरात मी, प्राथमिक शाळेत शिकवणारी सून आणि नात.

नात पावणेपाच वर्षांची असताना तिच्या पिंढऱ्यांवर निळे डाग दिसू लागले. खेळताना लागलं असेल असं वाटलं. मग ताप येऊ लागला, मग ती चालायचं सोडून कडेवर घ्या म्हणू लागली. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सुनेला आत बोलावून सांगितलं की रक्ताचा कर्करोग आहे, लहान मुलांत तो बरा होतो, पण अडीच वर्षं उपचार चालतील. सून भिंतीला हात लावत बाहेर आली. म्हणाली, "आबा, अडीच वर्षं म्हणत्यात. म्हंजी अडीच वर्षं तरी हाय ती." सगळ्या बोलण्यातून तिनं तेवढंच उचललं होतं.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. बसच्या काचेवरचं दव आठवतं, त्यावर नातीनं बोटानं काढलेले गोल. उसाला तुरे आले होते. सकाळच्या धुक्यात फक्त ते तुरेच वर दिसायचे, बाकी रान नसायचंच. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत विचारायची, "आबा, आपण ढगातनं चाललोय व्हय?" मी हो म्हणायचो. कंडक्टर ओळखीचा झाला होता. "या मॅडम, तुमची सीट धरून ठेवलीया," म्हणायचा. ती गंभीरपणे सांगायची, "मी मॅडम न्हाई. मॅडम आई हाय."

वॉर्डात खिडकीपाशी खाट मिळाली की ती सलाइनच्या थेंबांकडे बघत पडायची. एका थेंबाला आईचं नाव, एकाला माझं, एकाला आमच्या गाईचं. गाईचा थेंब आला की हसायची. मलाही ते बघता बघता गुंगी यायची. दुपारचं ऊन पडद्यातून हिरवं होऊन आत यायचं आणि आम्ही दोघं पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं.

या सगळ्यात सुनेचा एक नियम होता. पोरीला सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. सुई टोचायची असेल तर सुई म्हणायचं, मुंगी म्हणायचं नाही. दुखणार असेल तर दुखणार म्हणायचं. पहिल्यांदा पाठीच्या मणक्यात सुई द्यायची होती, तेव्हा नर्स म्हणाली, "काही नाही गं, नुसता फोटो काढायचाय." सुनेनं तिला तिथंच थांबवलं. पोरीचा चेहरा हातात धरून म्हणाली, "पाठीत सुई हाय. लय दुखंल. मी दहापर्यंत मोजते, तवर हलायचं न्हाई. मी तुला कधी खोटं बोलणार न्हाई." पोर रडली, पण हलली नाही. पुढं पुढं तर ती स्वतःच हात पुढं करायची. डॉक्टर इतर आयांना सांगायचे, यांच्याकडून शिका. मला मात्र तो नियम कठोर वाटायचा. इतक्या लहान पोरीला कशाला सगळं सांगायचं, असं मनात यायचं.

दुसऱ्या महिन्यात केस गळू लागले. उशीवर, टॉवेलवर, माझ्या सदऱ्यावर. एके सकाळी ती अंगणात उन्हाला बसली होती, वारं आलं आणि डोक्यावरचे राहिलेले चार केस उडून तुळशीकडे गेले. आम्ही दोघांनी ते जाताना पाहिले. तीच म्हणाली, "ते आत झोपाय गेल्यात. औषध संपलं की उठत्याल."

इथं मला आमच्या भावकीची रीत सांगायला हवी. मुलगा असो की मुलगी, पोटातून आलेले पहिले केस, जावळ, आम्ही कुलस्वामीला देतो. देव पूर्वेला, कोरड्या माळावर आहे. मामाच्या मांडीवर बसवून न्हाव्याकडून जावळ उतरवायचं, तोवर केसांना कात्री लावायची नाही. नातीचं जावळ राहूनच गेलं होतं. तिचा बापही सैन्यात आणि मामाही सैन्यात, दोघांची रजा एकदा जुळेना. पाच वर्षांच्या आत उरकू म्हणता म्हणता आजार आला आणि देवाचे केस औषधानं नेले. भावकीतल्या बायका उघड काही म्हणत नव्हत्या. एकदा चुलतभावजय मात्र म्हणाली, "देवाचं ठेवून घेतलं की देव आपल्या हातानं नेतो." सून तिथून उठून गेली. मी बसून राहिलो. ते माझ्या मनात रुतलं.

तिला एकदा फार ताप चढला. रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या, आठ दिवस ती डोळे उघडत नव्हती. दुपारच्या त्या हिरव्या उजेडात खुर्चीवर डोळा लागता लागता मी मनात म्हणालो, पोरगी उठू दे, नवे केस येतील ते तुझे. जागेपणी बोललो की झोपेत, नक्की सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिनं दूध-चपाती मागितली. मी हे कुणालाच सांगितलं नाही.

मोठे उपचार संपले. आता रोज गोळ्या आणि अधूनमधून सुया. केस आले. आधी पिल्लाच्या अंगावरच्या लवेसारखे, मग काळेभोर, कुरळे. ती दिवसातून दहा वेळा आरशापुढं उभी राहायची. झोपताना हात डोक्यावर ठेवूनच झोपायची, ते पुन्हा आत जाऊ नयेत म्हणून. सुनेनं लाल रिबिनी आणून ठेवल्या होत्या. शेजारणी विचारायच्या, "कुणाकडं जायचं गं रिबिनी लावून?" ती म्हणायची, "साळंत. पयलीत."

मी नवस पुढं ढकलत होतो. तेवढ्यात एका तपासणीत पेशी थोड्या कमी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी होतं असं, काळजी नको. पण मला वाटलं, देव आठवण करतोय.

सून दोन दिवस प्रशिक्षणाला साताऱ्याला गेली, तेव्हा मी पोरीला म्हणालो, चल, पवनचक्क्या दाखवतो. ओळखीच्या माणसाची जीप सांगितली. माळावर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. पठारभर पांढऱ्या पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या, त्यांची सावली मेंढरांवरून जायची आणि मेंढरं वर बघायचीसुद्धा नाहीत. पोर दोन्ही हात पसरून त्यांच्यासारखीच फिरत राहिली. कुरळे केस वाऱ्यानं उभे झाले होते. तेव्हा मी मागं फिरलो असतो तर. पण मी तिला देवळामागं नेलं. न्हावी विचारत होता, "मामा कुठाय?" मी म्हणालो, "मामा कामावर हाय. माझ्याच मांडीवर उरका."

पाणी डोक्यावर पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरले. ओरडली नाही. माझ्याकडे मान वळवून विचारलं, "आबा, मी परत आजारी पडले व्हय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. देवाचं आहे, माझा नवस आहे, असं सांगायला हवं होतं. पण मग तिनं हात काढले नसते, आणि न्हावी वस्तरा घेऊन थांबला होता. तिला गप्प बसवणारा एकच शब्द मला माहीत होता. मी म्हणालो, "व्हय बाळा. डॉक्टरांनी सांगितलंय. आईला म्हाईत हाय सगळं."

तिनं हात खाली घेतले. सुईला बसायची तशी ताठ बसली आणि ओठ हलवत दहापर्यंत मोजू लागली. दहा झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं. केस माझ्या धोतरावर पडत होते आणि मी पवनचक्क्यांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून आली. दारातच थबकली. मी घाईघाईनं नवसाचं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आवं आबा, मला इचारायचं तरी." मग पोरीला जवळ घ्यायला वाकली, तर पोर मागं सरकली. म्हणाली, "मी परत आजारी पडले ते तू मला का सांगितलं न्हाईस?"

सून म्हणाली, "न्हाई गं, तू बरी हायस."

"खोटं बोलतीस."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. काय झालंय ते तिला कळेना. मी तेव्हा तरी खरं बोललो असतो तर सगळं तिथंच निस्तरलं असतं. मी म्हणालो, "पोर दमलीया," आणि गोठ्यात गेलो.

त्यानंतर पोरीनं हात पुढं करणं सोडलं. सून म्हणायची, आज फक्त रक्त घ्यायचंय, तर ती विचारायची, "आनी काय?" एवढंच, असं कितीही सांगितलं तरी पटायचं नाही. सुईला दोन नर्सनी धरावं लागायचं. पाठीतल्या सुईला तर गुंगी द्यावी लागे. डॉक्टरांनी सुनेला विचारलं, मधे काही घडलं का? ती म्हणाली, दोन दिवस मी नव्हते. तिनं दोष स्वतःवर घेतला. आपण लांब राहिलो म्हणून पोर तुटली असं धरून बसली. पुढं कुठल्या प्रशिक्षणाला गेली नाही, मुख्याध्यापक व्हायची संधी आली तीही सोडली. मी रोज तिच्या हातचं जेवत होतो.

नात बरी झाली. केस पुन्हा आले, पण या वेळी ती आरशापुढं उभी राहिली नाही. आता पुण्यात शिकते. वर्षातून एकदा तपासणी असते, तेव्हा कागद आईच्या हातात देत नाही, स्वतः वाचते. मायलेकींचं बरं चाललंय, भांडतात, हसतात. पण त्यांच्यामध्ये एक काच आहे आणि ती मला दिसते, कारण ती मीच उभी केली.

गेल्या सुट्टीत दोघींचं कशावरून तरी वाजलं. साधीच गोष्ट होती. सुनेचा गुडघा दुखत होता आणि तिनं ते लेकीपासून लपवलं होतं. नात म्हणाली, "तुझं नेहमीचंच आहे आई. मी सहा वर्षांची असतानाही तू लपवलंस. मी मरणार म्हणून सहा महिने रोज झोपताना डोळे मिटायला घाबरत होते, आणि तू हसत होतीस." सुनेच्या हातातलं ताट तसंच राहिलं. म्हणाली, "मी काय लपवलं गं? मला अजून कळत न्हाई." मी ओसरीवर होतो. मला सगळं ऐकू आलं.

आता सांगून टाकायचंच म्हणून उठून आत गेलो. दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी पाणी मागितलं. नातीनं तांब्या दिला, पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सावकाश प्या आबा." तिचा विश्वास आजही माझ्यावरच आहे. ती पुण्याला निघाली तेव्हा एसटी स्टँडवर खरं सांगायचं पुन्हा ठरवलं होतं. बस लागली, ती पाया पडली, आणि मी म्हणालो, पोचलीस की फोन कर.

तोंडानं जमलं नाही ते असं आहे. बाळा, तुझी आई तुला कधी खोटं बोलली नाही. त्या दिवशी तू आजारी नव्हतीस आणि डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. ते मी बोललो, तू हात खाली घ्यावेस म्हणून. आणि पोरी, तू माझी सून, तुझं कुठंच काही चुकलं नव्हतं. मला हे त्याच संध्याकाळी म्हणायचं होतं. तुम्ही दोघी मला माफ करा.