माझ्या साडूंचा टाइम

इंग्रजी भाषेचा आजवर जेवढा छळ झाला असेल, त्यातला निम्मा माझ्या साडूंनी एकट्याने केला, आणि तोही एकाच शब्दापुरता. तो शब्द म्हणजे 'टाइम'. बाकीची इंग्रजी भाषा त्यांच्या तावडीतून सहीसलामत सुटली, कारण तिच्याकडे लक्ष द्यायला त्यांना सवडच मिळाली नाही.

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे यजमान. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघंही कुवेतमध्ये होतो. मी जाब्रियातल्या एका इस्पितळात एक्स-रे टेक्निशियन आणि ते मीना अब्दुल्लाला रिफायनरीत. त्यांच्या समोरच्या टेबलावर एक नॉर्वेजियन इंजिनियर बसायचा. उंच, लालबुंद आणि इतका अबोल की बाकीचे लोक त्याला सुखाने एकटं सोडत. साडूंनी सोडलं नाही. एका दुपारी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे टाइमला काय म्हणतात?" त्यावर त्या भल्या माणसाने, "कुठला टाइम?" असा उलट सवाल केला. झालं. तेवढ्यावर साडूंना आयुष्याचं कार्य सापडलं आणि आम्हा नातेवाइकांचे कान कामातून गेले.

"इंग्रज आळशी हो!" ते मला ऐकवत. "वाया गेला तो टाइम, दहा वेळा हाका मारल्या तेही टाइम, किती वाजले विचारायचं तरी टाइम! नॉर्वेत असला गबाळा कारभार नाही. सरतो तो 'टी'. लिहिताना शेवटी द असतो, पण तो गिळायचा. दहा वेळा म्हणताना मात्र 'गांग'. आणि तिकडे कुठे स्पेलिंग टाइमचं दिसलं तर फसू नका, ते 'टीमं', म्हणजे तास!" मी नॉर्वेत जाऊन फसण्याची शक्यता किती होती ते सोडा, आम्ही तेव्हा रुमैथियात त्यांच्या दारात उभे होतो आणि त्यांनी आम्हाला अजून आत या म्हटलं नव्हतं.

शब्दावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण ते वाक्प्रचारांवर घसरले. खालच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, रत्नागिरीच्या दुकानदाराला त्यांनी एकदा दूध घेता घेता गाठलं. "चाचा, इंग्रजीत तुरुंगात जाण्याला 'डूइंग टाइम' म्हणतात. नॉर्वेजियनमध्ये काय म्हणतात माहितीय? आत बसणं! आपल्यासारखंच, आत बसणं!" चाचांचा इकामा, म्हणजे कुवेतमध्ये राहण्याचा परवाना, नुकताच उशिराने रिन्यू झाला होता. ते पांढरेफटक पडले. "साहेब, अल्लाची शपथ, माझे कागद आता बरोबर आहेत हो!" साडूंना ते ऐकूच गेलं नाही. असल्या आनंदात त्यांना काहीच ऐकू जात नसे.

सुट्टीवरून परतले की दार उघडताक्षणी ओरडायचे, "लेंगं सीदन सिस्त!" म्हणजे, फार दिवसांनी भेट झाली. माझी बायको पहिल्यांदा गोंधळून म्हणाली, "लेंगा शिवायचाय का भावजी?" त्यांच्या मुलीने तर हायच खाल्ली होती. "बाबा प्लीज, आय हॅव नो टाइम," असं ती पोरगी कळवळून म्हणे, आणि बाप उल्हासाने विचारी, "कुठला टाइम?"

त्यात ते नुसते शब्द उचलून थांबले नाहीत. त्या इंजिनियरचा हेल, गिळलेली अक्षरं, वाक्याच्या शेवटी सूर वर फेकायची लकब, सगळं त्यांनी घाऊक उचललं. हो म्हणताना तो माणूस श्वास आत ओढत असे, तर हेही ओढू लागले. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दमा समजून त्यांची नाडी धरली होती.

मग एका सकाळी तो इंजिनियर टेबलावरच कोसळला. पक्षाघात. त्याला आमच्याच इस्पितळात आणलं. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर इंग्रजीत विचारत ते त्याला उमगत नव्हतं. शिकलेली भाषा पुसून जाते आणि आईची तेवढी मागे राहते, असं होतं कधी कधी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याची बायको नॉर्वेहून निघायची होती. मी साडूंचं नाव सुचवलं नाही. मला नोकरी टिकवायची होती. पण संध्याकाळी ते स्वतःच वॉर्डात आले आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "आय नो नॉर्वेजियन." मी भिंतीकडे बघू लागलो.

साडू खाटेवर वाकले. "हार दू टीद?" त्यांनी विचारलं. म्हणजे, वेळ आहे का? अर्धांगवायू झालेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न! पण त्याचे डोळे उघडले. डावा हात उठला आणि तोंडातून प्रथमच आवाज आला. "टी!"

"टी? चहा मागतायत!" म्हणून नर्स धावली. त्याला अजून पाणीसुद्धा गिळता येत नव्हतं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच अडवलं. इकडे तो लाल होऊन पुन्हा पुन्हा, "टी! टी!"

"चहा नको हो!" साडू ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "घाईत मी द उच्चारला! ते मला रागावतायत!"

रागावून घेताना इतका सुखावलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतर रोज ड्यूटी संपली की ते थेट वॉर्डात येत, खाटेजवळ बसत आणि आपला सगळा साठा त्या अडकलेल्या माणसावर रिकामा करत. तो बोट हलवून चुका दाखवी. क्वचित एखादा शब्द बोले. यामुळे त्याला गुण येत होता असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या नाहीत. फक्त मला निघायला कधी उशीर झाला तर दोघांचा सूर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये ऐकू येई.

मग त्याची बायको आली. मी तिला वॉर्डाकडे घेऊन गेलो. पिकलेल्या केसांची, हातावर जाड कोट घेतलेली सडपातळ बाई. दाराशी पोचलो तर आत साडू तिच्याकडे पाठ करून बोलत होते. ती एकदम थबकली आणि तिने भिंतीला हात टेकला. माझ्याकडे वळून तिने इंग्रजीत विचारलं, "हे कोण?"

"मित्र आहेत त्यांचे," मी म्हणालो. साडूंच्या बाबतीत हा शब्द मी त्याआधी वापरला नव्हता.

"हा आमच्या खाडीकडचा बोल आहे," ती म्हणाली. "हा तर माझा नवराच बोलतोय."

ती आत गेली, नवऱ्याचा हात हातात घेऊन पलीकडे बसली. साडू गडबडीने उठायला लागले, तर तिने त्यांना खुणेने बसवलं आणि म्हणाली, "थांबू नका. बोला." साडू बोलले. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

आठवड्याभराने ते दोघं मायदेशी गेले. अॅम्ब्युलन्स विमानतळाकडे वळेपर्यंत साडू हात हलवत होते. मग आम्ही त्यांच्या गाडीत येऊन बसलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं. त्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"त्या दिवशी ती म्हणाली ना, थांबू नका," ते समोर बघत म्हणाले.

"हो."

"मी सगळं बोललो हो. पुन्हा पहिल्यापासून बोललो. तिला अजून हवं होतं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. "पण मला तेवढंच येत होतं."