शस्त्रबंदीची पाटी नसलेलं शहर

पितृपक्षात कुणी फिरायला निघतं का, असं शेजारपाजारच्या सगळ्यांनी विचारून घेतलं. आम्ही निघतो. आमचं कराडच्या बाहेर, हायवेला लागून मंगल कार्यालय आहे. लोक मे महिन्यात फिरतात तेव्हा आम्हाला धड जेवायलाही फुरसत नसते. पितृपक्षात मात्र मुहूर्त नाही, वऱ्हाड नाही, आचारी आपापल्या गावी. तेव्हा ज्यांची मुलं सिंगापूरला आहेत आणि ज्यांना तिकीट बेताचं हवंय, त्यांना माझा पहिला सल्ला हाच की पितृपक्ष बघा. आमच्या विमानात तर शेजारची खुर्चीसुद्धा रिकामी होती.

पण खरं सांगू? मी सिंगापूर बघायला निघालेच नव्हते. मला लेकीला एक प्रश्न विचारायचा होता. आमची स्नेहल लग्नानंतर तिकडेच असते. तिची ईरा चालायला लागली तेव्हापासून बाईसाहेबांनी तिला एकदाही कराडला आणलं नव्हतं. भारतात यायची, पण पुण्याला सासरी उतरायची आणि आम्हालाच तिकडे बोलवायची. कधी रजा कमी, कधी ईराला गाडी लागते, दर खेपेला नवीन कारण. नात चार वर्षांची झाली तरी आजोळचं अंगण तिला ठाऊक नाही, हे मला फार लागलं होतं. ह्यांना तर माझ्यापेक्षा जास्त, पण ते बोलून दाखवतील तर शपथ.

आता ह्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या ह्यांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असतं. फार वर्षांपूर्वी लग्नसराईत रोकड घेऊन येताना रस्त्यात दोघांनी गाडी अडवली होती, तेव्हापासून. आता पैसे सगळे बँकेतून येतात-जातात, पण पिस्तूल काही कमरेवरून उतरलं नाही. बँकेच्या दारावर पाटी आहे, शस्त्रासह प्रवेश नाही. मग हे आत जाणार नाहीत, मॅनेजरलाच बाहेर गाडीपाशी बोलावून घेणार. निवडणूक आली की ते पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. तेवढे दिवस घरात ह्यांच्याशी कुणी बोलायची सोय नसते.

सिंगापूरला निघण्याआधीही ते ठाण्यात जमा केलं, गोळ्यांसकट. ह्यात हयगय नको, असं जावयाने फोनवर चारचारदा बजावलं होतं. व्हिसा पुण्याच्या एजंटाकडून केला, फोटो त्यांच्या मापाचेच लागतात, आधीच विचारून घ्या. मुंबईहून रात्रीचं विमान होतं, साडेपाच तासांत पोचलो. विमानतळावर गालिचा इतका जाड की मी चपला काढणार होते.

स्नेहलचं घर पुंगोलला आहे, पाण्याच्या काठी, उंच उंच इमारतींत. एमआरटीने, म्हणजे तिकडच्या मेट्रोने, पुंगोल स्टेशनवर उतरायचं आणि मग एलआरटी नावाची छोटी गाडी धरायची. ती गोल फिरून पुन्हा तिथेच येते, त्यामुळे चुकायची भीती नाही. मी दुसऱ्याच दिवशी एकटी जाऊन कोथिंबीर घेऊन आले. विमानतळावरच ईझीलिंक कार्ड घ्या, बस-रेल्वे दोन्हीला चालतं. खाण्यासाठी हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त टपऱ्या. चार डॉलरमध्ये पोटभर डोसा मिळतो, चटणीत मात्र साखर असते, सांभाळून. कॉफी मागताना 'कोसोंग', म्हणजे बिनसाखरेची, म्हणा, नाहीतर गोड पाक येतो.

ईरा आमच्याशी मराठीत बोलायची, पण रागावली की इंग्रजीत. "आजोबा, कॅनॉट लाह!" हे तिचं आवडतं वाक्य, म्हणजे चालणार नाही. हे चपला घालून घरात आले, कॅनॉट लाह. टीव्ही मोठा केला, कॅनॉट लाह. कार्यालयात ज्यांच्या हाकेला पन्नास माणसं उभी राहतात, ते कानाला हात लावून चपला बाहेर ठेवून येत होते. मला तर बाई इतकं बरं वाटलं!

ह्यांना तिकडे वेगळाच नाद लागला. पाट्या वाचायच्या. स्टेशनवर खाऊ नये, पिऊ नये, सिगारेट नको, दुरियन नावाचं वासाचं फळ नको, आणि प्रत्येकाखाली दंड किती तो आकडा. मॉल, बँका, सिनेमागृहं, सगळीकडे हे मान वर करून उभे. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "केदारराव, एक सांगा. सगळ्याला बंदी लिहिलीय, पण शस्त्र आणू नये अशी पाटी कुठेच नाही. म्हणजे चालत असणार."

केदार आमचा जावई, चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटीत आहे. तोंडातला घास गिळून तो हसायला लागला. "बाबा, दुरियन कुणीतरी आणतं म्हणून त्याची पाटी आहे. पिस्तूल कोण आणणार? खेळण्यातलं खरं वाटणारं असेल तरी परवानगी लागते. खिशात एक गोळी सापडली तरी तुरुंग आणि वर फटके."

"फटके?"

"वेताचे."

"कॅनॉट लाह," ईरा म्हणाली. सगळे हसले, फक्त स्नेहल हसली नाही. ती उठून ताटं गोळा करायला लागली.

पुढच्या दिवशी केदारचं ऑफिस बघायला गेलो. मग हे एकटेच फिरायला म्हणून गेले आणि धापा टाकत परत आले. "सापडली! पिस्तुलाची नाही, पण बंदुकीची तरी सापडली!" कुठल्याशा लष्करी कुंपणावरची लाल पाटी होती. एका माणसाने हात वर केलेत आणि शिपायाने बंदूक रोखलीय असं चित्र. त्याचा अर्थ आत येऊ नका इतकाच. ह्यांनी आम्हाला तिथे ओढत नेलं आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचा हट्ट धरला. केदार म्हणाला, बाबा, इथे फोटोलाही बंदी आहे. बिचारे हिरमुसले.

रविवारी पुलाउ उबीनला जायचं ठरलं. हे बेट नक्की करा, शहराचा कंटाळा आला की फार छान. चांगी गावाच्या धक्क्यावरून लाकडी होडी सुटते. बारा माणसं जमली की निघते, वेळापत्रक वगैरे काही नाही. रोख पैसे जवळ ठेवा. चढण्याआधी पिशव्या मशीनमधून जातात आणि माणसं धातू ओळखणाऱ्या दारातून.

केदार गेला, मी गेले, ईरा उड्या मारत गेली. हे गेले आणि दार ओरडलं.

पट्टा असेल, म्हटलं. तिथला पोलीस, कोवळाच पोरगा, मलय असावा, म्हणाला, "अंकल, शर्ट थोडा वर करा." ह्यांनी शर्ट वर केला. कमरेला पिस्तुलाचं, पितळी बटणांचं चामडी कव्हर. रिकामं, पण कव्हर! सुटकेसच्या तळाशी घालून आणलं होतं माझ्या ह्या शहाण्यांनी, आणि बेटावर सायकल चालवायची म्हणून मोठ्या थाटात बांधलं होतं.

"अहो, हे काय?"

"त्याच्याशिवाय पँट नीट बसत नाही," हे म्हणाले. अजून ताठ उभे होते. मोबाइलमधला परवान्याचा फोटो पोलिसाला दाखवायला लागले. "इंडिया. लायसन्स. पक्का."

पोलिसाने कव्हर काढून घेतलं, उलटंपालटं केलं, आत बोट घालून पाहिलं. मग दोन्ही पिशव्या पुन्हा उपसल्या. ईराचा हात स्नेहलने इतका घट्ट धरला होता की पोर रडायला लागली. कुठे राहता, कशाला आलात, हे सगळं केदार सांगत होता. अखेरीस पोलिसाने कव्हर परत दिलं. "चालेल अंकल, पण पिशवीत ठेवा. लोक घाबरतात." आवाज त्याने अजिबात चढवला नाही. ह्यांनी ते माझ्याकडे न बघता पिशवीत टाकलं.

होडीत स्नेहल आमच्याकडे पाठ करून बसली. बेटावर उतरलो, सायकली घेतल्या, जुन्या पत्र्याच्या घरांवरून, नारळाच्या झाडांतून थोडं पुढे गेलो आणि शहाळी प्यायला थांबलो. केदार ईराला रानडुकराची पिल्लं दाखवायला घेऊन गेला. म्हटलं, आता हे मिटवूनच टाकावं.

"स्नेहल, सोड आता. रिकामं होतं गं ते."

"आई, तेव्हा रिकामं नव्हतं."

"तेव्हा कधी?"

ती ह्यांच्याकडे बघून बोलली. "मी चौथीत होते, बाबा. मे महिना. तुम्ही रात्री कार्यालयात जागायचात म्हणून दुपारी घटकाभर पडायचात आणि उशीखाली ते ठेवायचात. एकदा तुम्ही उठून अंघोळीला गेलात. मी आणि रेवा चोर-पोलीस खेळत होतो. मी ते उशीखालून काढलं. रेवावर धरलं. ती हसत होती. माझं बोट चापावर होतं, बाबा. खालून आईने आमरसाला हाक मारली म्हणून मी ते ठेवून पळाले."

रेवा म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. आता नाशिकला असते, दोन लेकरांची आई आहे. त्या मे महिन्यात मी रोज आमरसाला हाका मारत होते, त्यातली ती कुठली हाक, देवच जाणे.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" हे म्हणाले.

"मार बसेल म्हणून लहानपणी. नंतर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. पण ईरा आता सगळीकडे हात घालते. तुम्ही म्हणाल कपाटात ठेवतो, कुलूप लावतो. मला नाही झोप लागणार तिथे. ते घरात आहे तोवर मी तिला कराडला आणणार नाही. काय रागवायचं ते रागवा."

तर माझ्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. मला लेकीचा राग आला नाही. अभिमान वाटला, आणि रडूही आलं. हे उठून एकटेच पाण्यापर्यंत चालत गेले.

संध्याकाळी होडी धक्क्याला लागली तेव्हा तोच पोलीस तिथे होता. हे सरळ त्याच्याकडे गेले. केदारला म्हणाले, "ह्याला विचारा, ह्याच्या कमरेचं पिस्तूल हा घरी नेतो का?" केदारने विचारलं. पोलिसाला प्रश्नच नीट कळेना. "घरी? ड्युटी संपली की ठाण्यात जमा. घरी कुणीच नेत नाही, अंकल. घरी काय काम त्याचं?" हे "थँक्यू" म्हणाले आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

उरलेल्या दिवसांचं थोडक्यात सांगते. प्राणिसंग्रहालयाला अख्खा दिवस द्या, खाडीकाठच्या बागा संध्याकाळी बघा, मुस्ताफा नावाच्या मोठ्या दुकानाच्या बाजूला जायचं तर रविवार टाळा. हे सगळीकडे आले, ईराला खांद्यावर घेऊन फिरले, पण पाट्या वाचणं बंद. स्नेहलने त्यांच्यासाठी पुरणपोळ्या केल्या, त्यांनी खाल्ल्या, विषय मात्र दोघांनीही पुन्हा काढला नाही. निघताना ती मला मिठी मारून म्हणाली, "आई, मी फार बोलले का?" म्हटलं, "अजिबात नाही. मी तुझ्या जागी असते तर ताटं आपटली असती."

घरी आल्यावर मला वाटलं, हे दुसऱ्याच दिवशी ठाण्यात पिस्तूल आणायला जाणार. गेले खरे, पण रिकाम्या कमरेने परत आले. जेवताना म्हणाले, "विकायचा अर्ज दिला. परवानाही परत करतोय." आणि भाजी वाढ म्हणाले. मी भाजी वाढली.

चार दिवसांनी पेंटर आला. कार्यालयाच्या गेटवर आता वधू-वरांच्या नावांच्या फलकाशेजारी कायमची पाटी आहे: आत शस्त्र आणण्यास सक्त मनाई, मालकांनाही. शेवटचा शब्द पेंटरने दोनदा विचारून लिहिला.

लग्नसराई सुरू झाल्यावर त्या पाटीची परीक्षा झाली. मोठे कंत्राटदार आहेत एक, आबा म्हणतात सगळे, कमरेला नेहमी हत्यार. पुतण्याच्या लग्नाची तारीख आमच्याकडेच धरलेली. कुणाच्या तरी रिसेप्शनला आले आणि हे गेटवर आडवे उभे राहिले. "आबा, तेवढं गाडीत ठेवून या."

"मला सांगतोस? तुझं कुठाय?"

ह्यांनी चारचौघांत शर्ट वर केला. आबा खवळले, पुतण्याची तारीख रद्द करून गेले. आणि हे? हे मांडवात जाऊन जिलबी वाढायला लागले! मला तर त्या माणसाच्या प्रेमात नव्याने पडल्यासारखं झालं.

डिसेंबरच्या सुट्टीत स्नेहल आली. पुण्याला न उतरता, विमानतळावरून थेट कराडला. ईराने अंगण बघितलं, गाय बघितली, पेंगायला लागली. आजोबांच्याच खोलीत झोपणार म्हणून हटून बसली. स्नेहल तिला कडेवर घेऊन पलंगापाशी गेली आणि थांबली. मला कळलं ती का थांबली. ह्यांनाही कळलं. ते दारातच उभे होते.

"बघ," ते म्हणाले. "उचलून बघ. रोज बघत जा, मला वाईट नाही वाटणार."

स्नेहलने उशी उचलली. खाली धुतलेली चादर होती, नुसती चादर. तिने उशी पुन्हा नीट ठेवली आणि ईराला तिच्यावर झोपवलं.