तिसऱ्या ओळीची जागा

सौंदडच्या शाळेत चौथीच्या पोरींना मी शुद्धलेखन सांगत होते तेव्हा स्टेशनातला खलाशी दारात येऊन उभा राहिला. डोक्यावरचं फडकं काढून हातात धरलेलं. म्हणाला, "बाई, दरेकसावरून तार आली. तुमचे बाबूजी सकाळी लाईनीवरच गेले." मी मान हलवली आणि उरलेल्या तीन ओळी पोरींना सांगून पूर्ण केल्या. अजून कुणी विचारतं, बाई, तुम्हाला रडू कसं नाही आलं? काय सांगू? मला आधी राग आला. चौदा वर्षं एका माणसाशी अबोला धरावा आणि तो सोडायच्या आधीच त्यानं निघून जावं, म्हणजे काय! अबोला तरी कसला... बोलत होतो आम्ही. पगार, पाऊस, मायचा दमा, सगळं बोलत होतो. एकच गोष्ट त्यांनी विचारली नाही आणि मी दिली नाही.

माझे वडील रेल्वेत चावीवाले होते. रूळ ज्या लोखंडी चाव्यांनी जखडलेले असतात, त्या रोज पायी फिरून तपासायच्या आणि ढिली दिसली की हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. दरेकसाच्या बोगद्यापासून खालच्या नाल्यावरच्या पुलापर्यंत, दोन्ही बाजूंनी रान, मध्ये हा माणूस खांद्यावर हातोडा टाकून चाललेला. मोठ्या दुष्काळात आजोबा-आजी गेले तेव्हा बाबूजी पाचसहा वर्षांचे होते. मिशनच्या अनाथालयात वाढले, तिथेच अक्षरं शिकले, तिथेच बाप्तिस्मा झाला. पण ते स्वतः म्हणायचे, "मिशनात मले देवाचं नाव समजलं. देव कसा आहे ते मले या लाईनीवर समजलं." असं बोलले की मिशनचे पाळकसाहेब जरा खाकरायचे.

जवळ देऊळ नव्हतं. ख्रिस्ती माणूस चर्चला देऊळच म्हणतो आमच्याकडे. सर्वांत जवळचं म्हटलं तरी गाडीनं जावं लागायचं, आणि रविवारी बदलीचा माणूस आला तर बाबूजींना सुट्टी. म्हणून आमची उपासना रानात. पुलाखाली नाल्याच्या काठाला एक सपाट काळा खडक आहे, चौघं बसतील एवढा. बाबूजी, माय, मी आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान भाऊ दानिएल, म्हणजे दान्या. क्वार्टरपासून खडकापर्यंत जाताना प्रत्येकानं रानातली एक वस्तू आणायची, खडकावर ठेवायची, आणि तिच्यावर देवासाठी एक ओळ सांगायची. पहिली बाबूजींची, दुसरी मायची, तिसरी माझी, चौथी दान्याची. चार ओळींचं कडवं झालं की बाबूजी पेन्सिलीनं वहीत उतरवायचे. मायला लिहिता येत नव्हतं, पण हात असा की बघत राहावं. ती प्रत्येक ओळीपुढे त्या वस्तूचं छोटं चित्र काढायची, साजाच्या झाडाचं पान, हरड्याचं फळ, सापाची कात. मग बाबूजी हातोड्यानं खडकावर दोनदा ठोकायचे. चावी घट्ट बसली की रुळावर ठोकायचे, अगदी तसंच. ते दोन ठोके म्हणजे कडवं जमलं, आता गायचं.

कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत आमच्या खडकावरून गोंड मंडळी जायची. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "चावीवाले, तुमचा देव इथी कुठी रायते? काईच तं नाई दिसून रायलं." बाबूजी हसून म्हणाले, "तुमी तुमच्या डोंगराले जाता, आमी आमच्या खडकाले. चढ दोघायलेही आहेच ना!" म्हातारा खूष झाला आणि बसून आमचं कडवं ऐकून गेला.

या उपासनेचा नियम एकच होता. तोडायचं नाही, पडलेलंच उचलायचं. आणि तो मोडला मी. दहा वर्षांची असेन. दान्याच्या ओळींचं फार कौतुक चाललं होतं. सहा वर्षांचं पोर, काहीही बोलायचं. एकदा रिकाम्या हातानं आला आणि म्हणाला, "मोहफूल आनलं होतं, देवानं गोड केलं म्हणून खाऊन टाकलो," आणि बाबूजींनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं! माझं पित्त खवळलं. पुढच्या रविवारी मी पळसाचा चांगला भरगच्च तुरा तोडून आणला आणि झाडाखाली सापडला म्हणून सांगितलं. बाबूजींनी देठ बघितला. ओला होता. ओरडले नाहीत. वही मिटली आणि म्हणाले, "खोट्या ओळीवर गाणं नाई होत, रुती. आजचं राहू दे. तुले खरी सापडन तवा देजो. मी थांबतो." त्या दिवशी ठोके पडले नाहीत, कुणी गायलं नाही. मी वाटभर मुसमुसत आले. तीन दिवसांनी चुलीपाशी बसलेल्या बाबूजींजवळ जाऊन मीच म्हटलं, "मी तोडलं, देवा, पळस उघडा पडला." त्यांनी तिथल्या तिथे हातातल्या पळीनं पाटावर दोनदा ठोकलं.

मी सोळा वर्षांची असताना, पावसाळा सरता सरता, दान्याला ताप आला. हिवतापाला आमच्याकडे कुणी घाबरत नसे, येतो आणि जातो. कुनैन दिली, माय उशाशी बसून राहिली, बाबूजी रोजची लाईन फिरून आले की त्याचे पाय चोळायचे. पाचव्या दिवशी तो गेला. बारा वर्षांचा माझा भाऊ. स्टेशनाच्या मागे, मोहाच्या झाडाजवळ त्याला माती दिली. आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाबूजींनी अंघोळ केली, वही घेतली, हातोडा घेतला, मायला म्हणाले, "चाल."

मीही गेले. मला वाटलं, आज तरी नुसतं बसू. बाबूजींनी खडकावर एक पीस ठेवलं, कसलं ते मी बघितलंही नाही. माय पदर तोंडाला लावून काहीतरी पुटपुटली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रुती, का आनलीस?"

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पडलेलंच उचलाचं ना, बाबूजी? दान्या पडला. उचला त्याले!"

माय "रुते!" म्हणून ओरडली. मी तशीच निघाले. मागे दोन ठोके ऐकू येतात का म्हणून चालताना कान देत होते, एवढं खरं. आले नाहीत.

त्यानंतर मी खडकावर गेले नाही. नागपुरात मास्तरणीचं शिक्षण घेतलं, सौंदडला नोकरी लागली. सुट्टीत घरी आले की रविवारी सकाळी मी आधीच चुलीपाशी ठाण मांडायची. "तुमी जा, मी भात टाकते." बाबूजी दारात जोडे चढवायचे. नाडी बांधायला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायचा... मग म्हणायचे, "बरं. येतो." मी चुलीकडे तोंड करून बसलेली. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. आहे, आणि त्याच्याशी माझं भांडण आहे, असंच वाटायचं. बाबूजींनी त्याची बाजू घेतली म्हणून त्यांच्याशीही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच म्हटलं असावं.

तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी दरेकसाला उतरले. दान्याच्या शेजारी बाबूजींना माती दिली. हातोडा, पाना आणि झेंडी रेल्वेची होती, ती त्याच दिवशी परत गेली. त्यांच्या कोटाच्या खिशातून मायनं एक रुमाल काढला. आत सावरीच्या बोंडातला कापूस होता, पांढराशुभ्र, मूठभर. रविवारसाठी, त्या शनिवारी जायच्या आधी उचललेला. "याची ओळ सांगाचीच राहिली," माय म्हणाली आणि रुमाल परत तसाच बांधून ठेवला.

त्या आठवड्यात मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सगळ्या वह्या क्रमानं लावलेल्या, प्रत्येक पानावर एकेक रविवार. मी आधी ते पान शोधलं, दान्या गेल्यानंतरच्या रविवारचं. पहिली ओळ बाबूजींची, दुसरी मायची. तिसरी जागा कोरी. आणि चौथ्या जागी, दान्याच्या जागी, बाबूजींच्या अक्षरात होतं, "झाडावरून पडलं पाखरू, माझ्या धन्यानं उचललं." मी त्यांच्या तोंडावर फेकलं होतं त्याचं उत्तर त्यांनी मी पाठ फिरवल्यावर लिहून ठेवलं होतं, आणि चौदा वर्षांत एकदाही मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर मी आणखी भांडले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

पान उलटलं. त्यानंतर चौथी जागा नव्हतीच. दान्याला धन्याच्या, म्हणजे देवाच्या, ओंजळीत देऊन त्यांनी त्याची जागा मिटवली होती. कडवं तीन ओळींचं झालं होतं. पहिली बाबूजींची, दुसरी मायची, पुढे मायची चित्रं. तिसरी जागा कोरी. पुढच्या रविवारीही कोरी, त्याच्या पुढच्याही. मी एकामागून एक वही उघडत गेले. वही बदलली, पेन्सिल बदलली, अक्षर थरथरायला लागलं, पण प्रत्येक पानावर तेवढीच जागा सोडलेली. मी मायला विचारलं, "मग गात काय होते तुमी?"

"नाई गायलो," माय म्हणाली. "अर्धं कडवं कसं गाईन? तो म्हने, पोरगी देईन मंग गाऊ. ठोकतही नव्हता."

तेव्हा मी रडले. लहान पोरीसारखी, मोठ्यानं, शेजारच्या क्वार्टरमधली बाई धावत येईपर्यंत.

पुढच्या रविवारी सकाळी माय लुगडं नेसून दारात उभी. काखेत वही, हातात रुमाल. मी भात टाकला नाही. दोघी खडकावर गेलो. तिनं रुमाल सोडून कापूस ठेवला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला. मी म्हटलं, "माय, बाबूजीची ओळ मी सांगते."

"त्याची त्याले राहू दे," माय म्हणाली. "त्यानं तुह्या जागेले कधी हात नाई लावला. तू का आनलीस?"

काहीच आणलं नव्हतं. चौदा वर्षांनी आले आणि तेही रिकाम्या हातानं! उठले, नाल्याच्या काठाला मोहाखाली गेले. पहाटेची फुलं पडलेली होती, जाडसर, फिकट, ओलसर. एक उचललं आणि येऊन खडकावर ठेवलं. म्हटलं, "उशिरा वेचलं मोहफूल, धन्या, गोड मानून घे."

मायनं वही माझ्यापुढे सरकवली. पहिल्या जागी तिनं कापसाचं चित्र काढलं आणि ओळीची जागा सोडली. दुसऱ्या जागी तिची ओळ तिनं सांगितली, मी लिहिली. ती आमच्या दोघींतच राहू दे. तिसऱ्या जागी मी माझी लिहिली आणि मायनं शेजारी मोहफूल काढलं. पण पुढचं काम ज्याचं होतं तो नव्हता आणि त्याचा हातोडाही परत गेला होता.

मायनं इकडेतिकडे बघितलं, नाल्यातला एक गोटा उचलला आणि खडकावर दोनदा ठोकला. "गा," ती म्हणाली.