सप्टेंबर सातवा की नववा?

सप्टेंबर म्हणजे सातवा. लॅटिनमध्ये नावाचा अर्थच तसा, हे वाचलं आणि मी पानं मोजायला लागले. टेबलावरच्या प्रूफमध्ये तो नववा होता! ऑक्टोबर म्हणजे आठवा, तो दहावा. वाटलं, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अख्खं कॅलेंडर चुकवलं.

मानवतच्या आमच्या छापखान्यात रोज असं काहीतरी घडतं. घरी सांगायला बसावं, तर आदल्या दिवशीचंच संपलेलं नसतं.

यंदा मालकांनी, म्हणजे अण्णांनी, टूम काढली. प्रत्येक पानाखाली त्या महिन्याच्या नावाची गोष्ट, दोन ओळींत. "तू हिस्ट्रीवाली ना? लिही!"

सोनपेठचे अप्पा आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. कापडाचं दुकान, पाचशे कॅलेंडरं. प्रूफ बघायला आले. मार्च हा रोमन युद्धदेवाचा, मार्सचा महिना, हे वाचून कपाळावरचं भस्म सावरत म्हणाले, "बरोबर हाय. मार्च एंडला आमच्या दुकानात येऊन बघ!"

जुलै-ऑगस्टला मात्र ते थांबले.

"ह्ये ज्युलियस, ऑगस्टस, लय मोठे राजे का?"

"हो अप्पा, लय मोठे."

"आन् एकेकच महिना भेटला? माजं नाव तर बाराबी पानांवर हाय!"

फेब्रुवारी म्हणजे शुद्धीचा महिना. अण्णा आत बघून ओरडले, "मामू, ऐकलं का? साफसफाईचा महिना!"

मामू आमचे मशीनवाले. वीस वर्षं इथंच. तिथूनच म्हणाले, "म्हनूनच दिवस कमी दिले जी. साफसफाई कुनाला आवडती?"

सप्टेंबरचं कोडं शेवटी उलगडलं. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. मग वर्षाची सुरुवात जानेवारीत आली, पण नावं तीच राहिली. इतक्या शतकांत कुणी दुरुस्तच केलं नाही! माझी एक वेलांटी चुकली तर मला जेवण जात नाही. आणि अख्खं जग सातव्याला नवव्या जागी बसवून निवांत! मामूंना मी दहादा तरी म्हटलं असेल, "मामू, हे मनाला पटत नाही हो."

आता मामूंची एक पद्धत आहे. कुणाला कॅलेंडर पाडव्यापासून लागतं, कुणाला दिवाळीपासून. म्हणून पानं लावण्याआधी ते हमखास विचारतात, "साल कुटून?" परवाही विचारलं. मी रोमन वर्षाबद्दलच वाचत होते. मान वर न करता म्हटलं, "मार्चपासून."

काल अप्पांना नमुना दाखवायला सोनपेठच्या एसटीत बसले. गाडी निम्म्यात आल्यावर सहज गुंडाळी उघडली. वर पत्र्याची पट्टी, खाली पहिलं पान.

मार्च!

जानेवारी-फेब्रुवारी पार शेवटी. पट्टी एकदा दाबली की पान फाटल्याशिवाय निघत नाही. आणि मामू आत्ता पाचशेच्या पाचशे दाबत असणार. माझी नोकरी गेली!

अण्णांना फोन लावला. बंद. मामूंना लावला. रिंग जातेय, उचलत नाहीत. मशीनच्या आवाजात ऐकू कसं येणार? पुन्हा लावला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "पोरी, घरी सगळं बरं हाय ना?" मी पुन्हा नंबर दाबला.

सातव्यांदा उचलला.

"मामू! थांबा! पट्ट्या..."

"सगळ्या दाबल्या बेटा," मामू खुशीत म्हणाले. "आता फिकीर नको करू. मोजून बघ. सप्टेंबर सातवाच आलाय!"