तंबाखूचा खोकला

आमच्या घरात कुणाला टीबी होत नाही. आमच्या घरात तंबाखूचा खोकला होतो. निपाणीत तीन पिढ्या तंबाखूची वखार चालवलेल्या घराला एवढी सवलत असतेच, असा आमच्या लोकांचा समज. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आप्पा, उठल्यापासून खोकायचे. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला, तरी घरच्यांची बुद्धी जर्द्याच्या धुळीपलीकडे जात नव्हती. वखार बंद होऊन तोवर सहा वर्षं झाली होती. मग धूळ येते कुठून, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते.

पहिल्या बाळंतपणाला मी कोल्हापूरहून माहेरी आले. मुलगी झाली. क्षयाची लस जन्मल्यावर लगेच टोचतात, पण मी बाळंत झाले त्या दवाखान्यात ती नव्हती. येत्या बुधवारी सरकारी दवाखान्यात टोचून घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. बुधवार आला आणि आप्पांची बायको, माझी काकू, आडवी आली. ती लस पिकते, दंडावर फोड येतो, मग कायमचा व्रण राहतो. बारशाला सासरची माणसं सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून येणार, आणि त्यांना काय डागाळलेली पोर दाखवायची? फोड यायला महिना लागतो आणि बारसं बाराव्या दिवशी असतं, हा हिशोब तिच्या डोक्यात शिरला नाही. आईनं मान डोलावली. आमच्या घरात ते खातं पूर्वीपासून आईकडेच आहे.

बारसं झालं. सोन्याचे मणी आले, पेढे वाटले. मग नवीन टूम निघाली, सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही. मी चिडत होते, पण घरातच बसले. त्या दिवसांतल्या स्वतःची मला काकूपेक्षा जास्त किळस येते. काकूला निदान कळत नव्हतं.

आप्पांचा पोरीवर फार जीव. रोज सकाळी अंगणातल्या कोवळ्या उन्हात ते तिला मांडीवर घेऊन बसत. खोकला आला की मान वळवायचे, टॉवेलनं तोंड पुसायचे आणि पुन्हा तिच्यावर वाकायचे. एका सकाळी तिच्या पांढऱ्या दुपट्यावर मला तांबडा ठिपका दिसला. पान खाल्लं असेल, असं काकू म्हणाली. दात गेल्यापासून आप्पांनी पानाला हात लावलेला नव्हता.

त्यानंतरच्या बुधवारी सव्वा महिन्याला अजून नऊ दिवस होते. मी पोरीला उचललं आणि निघाले. घराण्याची अब्रू सांभाळायला काकू मागोमाग आलीच. नर्सबाईंनी कार्ड लिहिता लिहिता विचारलं, घरात कुणाला जुना खोकला आहे का?

"न्हाय बाई," काकू म्हणाली. "आमच्यात तसलं काय न्हाय."

"आहे," मी म्हणाले. "ह्यांच्या मालकांना आहे. रक्त पडतंय."

नर्सबाईंनी तयार ठेवलेली सुई बाजूला सारली आणि आम्हाला डॉक्टरांकडे पाठवलं. आप्पांच्या थुंकीत टीबीच निघाला. पोर सुदैवानं बरी होती, तरी तिला सहा महिने औषध पाजावं लागलं. ती कडू गोळी दुधात कालवून रोज मी तिच्या तोंडात घालायची आणि ती रडायची. लस त्यानंतर टोचली. घरात मात्र कुणी पोरीचं विचारलं नाही. चुलतबहिणींची लग्नं आता कशी जमायची, एवढीच सगळ्यांना चिंता. काकू वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आप्पांनी निमूटपणे गोळ्या घेतल्या आणि स्वतःहून आपलं ताट वेगळं केलं. तसं करायची गरज नव्हती, पण त्यांना ते सांगितलं कुणी नाही.

आप्पा बरे झाले. तंबाखूची धूळ बंद झाली म्हणून खोकला गेला, असं आता घरचे पाहुण्यांना सांगतात. पोर चार वर्षांची आहे. डाव्या दंडावर मसुरीएवढा व्रण आहे.

काल आईचा फोन आला. काकूला महिनाभर खोकला आहे, वजनही उतरलंय. मी कारण विचारलं.

"चुलीचा धूर गं," आई म्हणाली.

आमच्या घरात गॅस येऊन वीस वर्षं झाली. उद्या मी निपाणीला चाललेय. पोरीला नेणार नाही.