मेंढ्यांचा निरोप

सुट्टीत मी लेस्टरहून वेल्समधलं एक जुनं मेंढपाळांचं गाव बघायला गेले होते. किल्ला पाहून झाल्यावर गुरांच्या बाजारात शिरले. तिथे एक म्हातारी बाई कठड्याला टेकून स्वतःच्या मेंढ्यांचा लिलाव बघत होती. गुडघे थकल्यामुळे तिने सगळा कळप विकायला काढला होता. एका तरुण शेतकऱ्याने तो घेतला, पण मेंढ्या काही केल्या त्याच्या लॉरीत चढेनात.

"तुम्हीच बोलवा ना त्यांना," तो तिला म्हणाला.

ती कशीबशी लॉरीत चढली आणि तिने हळूच शीळ घातली. सगळ्या मेंढ्या मुकाट तिच्यामागे आत गेल्या. बाजूच्या दारातून उतरताना तिने आधारासाठी माझा हात धरला.

"त्यांना वाटलं, मीही येतेय," ती म्हणाली.

लॉरी दिसेनाशी झाली, तरी तिने माझा हात सोडला नव्हता.