आपले राऊत, दुसरे राऊत

आर्वीच्या डेपोतून निवृत्त झालेल्या प्रभाकरराव राऊतांनी जन्मभर एसटीत तिकिटं फाडली, पण मनानं ते कायम घोड्यावर बसलेले असत. राऊत म्हणजे घोडेस्वार, राऊत म्हणजे राजपुत्र, हे ते उभ्या प्रवाशालाही ऐकवत. कुठेकुठे राऊत म्हणजे गुराखीही असतो, असं कुणी म्हटलं की त्यांना अचानक कमी ऐकू यायचं.

पेपरात कुणी राऊत दिसला की स्वारी खूश. कुस्ती मारणारा राऊत, बोर्डात आलेली राऊत, सगळे एकाच रक्ताचे, आपले भाऊबहीण. एकदा मात्र बकऱ्या चोरताना एक राऊत सापडला. प्रभाकररावांनी चष्मा पुसला आणि गावभर सांगितलं, "हा दुसऱ्या राऊतांतला हाये."

अशात त्यांच्या मुलीनं, गुंजननं, मुलगा पसंत केला. पुलगावचा पियुष राऊत.

"भाऊकीत सोयरीक?" प्रभाकररावांनी हातातला घास ताटात ठेवला. "लोकं तोंडात शेण घालतीन."

"गोत्र येगळं हाये त्यायचं, बाबा."

"रक्त तं एकच हाये."

"मंग तो बकरीचोर काऊन येगळा होता?"

प्रभाकररावांना पुन्हा अचानक कमी ऐकू आलं. पोरीनं रडून डोळे सुजवले, तेव्हा बापाचा जीव तुटला आणि मंडळी पुलगावला निघाली.

पियुषच्या अंगणात एक बकरी बांधलेली होती. प्रभाकररावांनी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि बैठकीत घसा खाकरून सांगितलं, "राऊत दोन हायेत. तुमची-आमची भाऊकी नाई."

पण राजपुत्राचं आणि बकरीचोराचं त्यांचं बोलणं एसटीत बसून आधीच पुलगावला पोचलं होतं. पियुषचे वडील वासुदेवराव तिरसट माणूस. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे तुमी राजपुत्र, अन बकऱ्या चोरनारा आमच्यातला?"

वासुदेवराव उठले असते तर सोयरीक मोडलीच होती. गुंजन पदराच्या टोकाला पीळ देत बसली होती. प्रभाकररावांनी तिच्याकडे पाहिलं आणि जन्मभराच्या घोड्यावरून मुकाट खाली उतरले.

"नाई, व्याही. राजपुत्र तुमी, आमी गुराखी. अन तो बकरीचोर आमचाच. माहा चुलतभाऊच समजा."

वासुदेवरावांनी बराच वेळ मिशीत हसू दाबलं. मग आत हाक दिली, "अवं, ऐकलं का? गोड आन, सोयरीक जमली. अन अंगनातली बकरी घरात बांधजो."